एकाच रेघेखाली

"चिमटा द्या इकडं," तात्या म्हणाले, आणि टोणपेकाकांनी तो मुकाट्यानं दिला.

छापखान्यातल्या टेबलावर माझ्या लग्नाची पत्रिका जुळवून तयार होती. शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, एकापुढे एक लावून टोणपेकाकांनी मी लिहून दिलेला मजकूर उभा केला होता. प्रत्येक अक्षर उलटं, आरशात पाहावं तसं. तात्यांना ते वाचता येईना. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून वाकून पाहिलं आणि शेवटी विचारलं, "ह्यात द्वारका कुठाय?"

टोणपेकाकांनी बोट ठेवलं. तात्यांनी चिमट्यानं 'द्वा' उपटला, मग 'र', मग 'का'. किडकी दाढ काढावी तसे एकेक करून त्यांनी ते खिळे बाहेर काढले आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिले. मी समोरच्या टेबलावर एका रसवंतीगृहाची पाटी रेखत बसले होते. कुंचला तसाच हातात घेऊन मी उठले.

"तात्या, ते माझ्या आईचं नाव आहे."

"मला कळतंय कुणाचं आहे ते," ते म्हणाले. "म्हणूनच काढलं."

तात्या, म्हणजे विठ्ठल हेंद्रे, हे माझे थोरले चुलते. कराडात मेन रोडवर त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं. माझे वडील त्याच दुकानात त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसत. मी शाळेत असताना वडील गेले, मशीन आमच्या घरी आलं आणि त्यावर आई बसली. तेव्हापासून घरातलं मोठं माणूस म्हणून जे काही बोलायचं ते तात्या बोलत. माझं स्थळही त्यांनीच आणलं होतं, वाईच्या खांडक्यांचं. मुलगा मास्तर होता, दोनदा भेटून गेला होता आणि मला आवडला होता, हे मी कुणाजवळ कबूल केलं नव्हतं.

"बाईमाणूस, त्यात कपाळाला कुंकू नाही," तात्या सांगू लागले. "तिचं नाव पहिल्याच ओळीत? वाईकर जुन्या वळणाचे आहेत. पत्रिका बघतील आणि लग्न मोडून मोकळे होतील."

"मग होऊ देत."

"तुला होऊ देत म्हणायला काय जातंय? वर्षभर वहाणा कुणी झिजवल्या? मी झिजवल्या."

ते खोटं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी छत्री काखेत मारून हा माणूस वाई, फलटण, कुठं कुठं जाऊन आला होता. माझ्या तोंडाशी आलेलं उत्तर मी तेवढ्यासाठी गिळलं. त्यांनी टोणपेकाकांना नवा मजकूर सांगितला. 'कै. गजानन हेंद्रे यांची कन्या व विठ्ठल हेंद्रे यांची पुतणी', आणि खाली 'आपले नम्र' म्हणून पुन्हा विठ्ठल हेंद्रे. वडील होते, चुलते दोनदा होते. मला जन्म दिलेली बाई कुठंच नव्हती.

तात्या गेल्यावर टोणपेकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऑर्डर त्यांची आहे, पोरी. त्यांच्या सहीशिवाय मला काही छापता येत नाही."

हा त्यांच्या छापखान्याचा जुना नियम होता. एका पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली आणि वऱ्हाड भांडायला आलं, तेव्हापासून प्रुफावर 'छापावे' असं लिहून गिऱ्हाइकानं खाली सही केल्याशिवाय ते मशीनला हात लावत नसत. गिऱ्हाईक तात्या होते.

मी घरी गेले. आई मशीनवर होती. मी सगळं सांगितलं तरी तिचा पाय थांबला नाही.

"बरं केलं भाऊजींनी," ती म्हणाली.

"काय बरं केलं?"

"माझं नाव कशाला घालतीस? शुभकार्य आहे. मी हळदीलासुद्धा मागंच बसणार आहे."

"तू मागं बसणार असशील तर मला हळदच लावायची नाही."

"डोकं फिरलंय तुझं."

"फिरलंयच."

ती हसली आणि दोऱ्याचं रीळ बदलू लागली. ते हसणं बघून माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या पेठेत अशी एक नवरी नव्हती की जिच्या अंगावरचं पोलकं आईनं बेतलेलं नव्हतं, आणि असं एक लग्न नव्हतं की जिथं आई पुढच्या रांगेत बसली. कुणी तिला हाताला धरून मागं नेत नसे. तीच आपली जागा ओळखून जायची आणि खांबाआड उभी राहून आपण शिवलेलं पोलकं काखेत दाटत तर नाही ना, एवढंच बघायची. तात्यांचा मला राग आला होता, पण आईचा त्याहून जास्त आला.

त्या छापखान्यात माझं काम ब्लॉकसाठी अक्षरं काढायचं. दुकानांची नावं, नाटकांच्या जाहिराती, आणि लग्नसराईत 'शुभविवाह'. वेलबुट्टीचा, कलशाचा, मोराच्या पिसाचा, इतक्या तऱ्हांचा 'शुभविवाह' मी काढला होता की लग्न म्हटलं की मला नवरा-नवरीच्या आधी तो 'शु' दिसायचा. मी शाईनं कागदावर काढायचं, कोल्हापूरला त्याचा जस्ताचा ब्लॉक व्हायचा, तो लाकडी ठोकळ्यावर ठोकून यायचा. वरचं नक्षीदार नाव तेवढं ब्लॉकचं, बाकीचा मजकूर खिळ्यांचा, अशी आमच्याकडची रीत.

रविवारी सकाळी मी आईच्या कापड बेतायच्या टेबलाचं एक टोक मोकळं केलं आणि कागद पसरला. खिळे उपटता येतात. मी अख्खी पत्रिकाच हातानं काढायचं ठरवलं होतं, वरपासून खालपर्यंत, एका ब्लॉकची.

खिळ्यांमध्ये प्रत्येक अक्षर आपल्यापुरती रेघ डोक्यावर घेऊन येतं. म्हणून एक शब्द काढला की शेजारच्याला कळतही नाही. मी पट्टी ठेवली आणि कागदाच्या या समासापासून त्या समासापर्यंत एकच रेघ ओढली, कुठंही न उचलता. दोन शब्दांमध्ये ती तोडायची असते, मी तोडली नाही. तिच्याखाली मग एकेक अक्षर टांगत गेले. 'कै. गजानन व श्रीमती द्वारका हेंद्रे यांची कन्या प्रमिला.' वळणं काढायला मला पट्टी लागत नव्हती. लहानपणी आईच्या खडूनं जमिनीवर मुंढ्याचे आणि गळ्याचे गोल गिरवले होते, तेच हातात बसले होते. खाली मात्र मी काही बदललं नाही. 'आपले नम्र', आणि त्याच्या खालच्या ओळीत, सुटं, विठ्ठल सखाराम हेंद्रे. तात्यांना गाळायचं माझ्या मनातही नव्हतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई कात्री चालवत होती. "काय गिचमीड चाललीय सकाळपासनं?" तिनं विचारलं.

"छापखान्याचं काम आहे."

"रविवारचं?"

"लग्नसराई आहे ना."

सोमवारी मी तो कागद बाकीच्या चित्रांच्या गठ्ठ्यात सरकवून कोल्हापूरला पाठवून दिला. ब्लॉक आला. टोणपेकाकांनी शाई लावून प्रूफ काढलं, उजेडात धरलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं.

"अक्षर झकास आलंय," ते म्हणाले. "पण हे तात्यांना दाखवायची माझी छाती नाही."

"मी दाखवते. त्यांना बोलवा."

तात्या आले. त्यांनी प्रूफ हातात घेतलं, पहिल्या ओळीपाशी थांबले आणि त्यांची मान लाल झाली. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. पण त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि छापखान्याच्या पायऱ्या उतरून गेले. परत आले ते आईला घेऊनच.

आईनं त्या छापखान्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. तात्यांनी तिला मशीनवरून तसंच उठवून आणलं असावं, कारण गळ्यात मोजायची टेप लोंबत होती. तात्यांसमोर यायचं म्हणून डोक्यावर पदर घेतला होता आणि नजर फरशीवर होती.

"सांग तिला," तात्या म्हणाले. "माझं ऐकत नाही ती. तू आई आहेस, तू सांग."

आई टेबलापाशी आली. चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे तिला शब्दाखाली बोट ठेवून वाचायची सवय. तिचं बोट त्या लांब रेघेखालून सरकत गेलं, वडिलांच्या नावापाशी क्षणभर अडखळलं, पुढं गेलं आणि थांबलं.

"हे माझं?" तिनं विचारलं.

"हो."

"एवढं मोठं?"

"बाबांच्या एवढंच आहे. आणि माझ्या एवढंच. मोजून बघ हवं तर."

तिनं खरंच गळ्यातली टेप काढली. वडिलांच्या नावाची उंची मोजली, मग स्वतःच्या, मग माझ्या. टोणपेकाका तोंडावर हात ठेवून दुसरीकडे बघू लागले. मला मात्र हसू आलं नाही. आई काम तपासते तेव्हा तिच्या कपाळावर एक आठी पडते, ती तिथं होती.

"झालं का मोजून?" तात्या म्हणाले. "टोणपे, छिन्नी आहे ना तुमच्याकडं? तेवढं नाव उडवा."

टोणपेकाकांनी छिन्नी घेतली. ब्लॉक समोर ओढला, आईच्या नावावर छिन्नीचं टोक ठेवलं आणि तसेच थांबले. "तात्या, अक्षरं उडतील. वरच्या रेघेचं काय करू? ठेवली तर नुसती रेघ दिसंल आणि खाली मोकळी जागा. पत्रिका हातात घेणारा विचारणार, इथं कोण होतं म्हणून."

"मग रेघ पण तोडा."

"तोडतो. पण मग गजाननराव एकीकडं आणि पोरगी एकीकडं. मधे भगदाड."

"तोडा म्हणतोय ना मी."

"थांबा," आई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण भाऊजींच्या बोलण्यावर बोलायचं नाही, हा नियम तिनं लग्न होऊन आल्यापासून पाळला होता. त्यामुळे तात्यांना आधी कळेचना की कोण बोललं. ते माझ्याकडे बघू लागले.

"मधनं फाडलं की कापड दोन्ही बाजूंनी उसवतं," आई म्हणाली. तिची मान खालीच होती, ब्लॉककडे. "मी जन्मभर तेच काम केलंय. राहू द्या हे असंच."

"द्वारका, लग्न मोडंल."

आईनं टेप बोटांना गुंडाळली, पुन्हा सोडली. हट्ट माझा असला तरी भीती मलाही वाटत होती. वाईचा तो मास्तर मला हवा होता.

"माझ्या नावानं मोडणार असलं तर आत्ताच मोडू द्या," ती म्हणाली. "नाहीतर तिला तिथं जन्मभर ऐकावं लागंल, आईवरनं."

"म्हणजे मी इतकी वर्षं केलं ते पाण्यात?"

"पाण्यात कसं? तुम्ही केलं ते मी रोज देवापुढं बोलते. पण पोरगी माझी आहे, भाऊजी."

तात्यांना राग आला होता तसं वाईटही वाटलं होतं, आणि त्या दोन्हींतलं कुठलं आधी बोलावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी राग बोलला. "मग माझं नाव काढा. ह्या असल्या पत्रिकेत माझं नाव नको. आणि लग्नाला मी येणार नाही."

टोणपेकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांनी छिन्नी खालच्या ओळीवर ठेवली. तात्यांचं नाव सुट्या ओळीत होतं, कशाला जोडलेलं नव्हतं. हातोडीच्या चार ठोक्यांत ते निघून आलं. तात्यांनी ते होईपर्यंत वाट पाहिली आणि मगच गेले.

"आता ही ऑर्डर कुणाची?" टोणपेकाकांनी विचारलं.

"माझी," आई म्हणाली.

तिनं त्यांचं पेन घेतलं आणि प्रुफावर 'छापावे' लिहिलं. मग सही केली. द्वारका गजानन हेंद्रे, एकेक अक्षर सुटं, टाके घालावेत तसं.

मला वाटलं, जिंकलो. मी टोणपेकाकांना म्हटलं, "'आपले नम्र'च्या खाली मोकळी जागा झालीय. तिथं आईचं नाव खिळ्यांनी बसवून टाका."

"नको," आई म्हणाली. "राहू दे मोकळं."

"का?"

"राहू दे म्हणते ना."

"अगं, बोलावणाऱ्याचं नाव नको का पत्रिकेवर?"

"गिऱ्हाईक कोण आहे?" तिनं टोणपेकाकांना विचारलं, आणि तेही तिच्या बाजूचे झाले. घरी जाताना मी तिच्याशी बोलले नाही. घटकाभर धीर दाखवला आणि पुन्हा खांबाआड जाऊन उभी राहिली, असं मला वाटलं. पत्रिका तशाच छापून आल्या. वर ती लांबलचक रेघ, आणि खाली 'आपले नम्र' म्हणून पुढं कोराच कागद.

त्या आठवड्यात वाईहून मधुकर खांडके आला. एकटाच, आणि घरी न जाता सरळ छापखान्यात. तात्यांनी निरोप धाडला असणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं.

"पत्रिका बघायला मिळेल का?" त्यानं विचारलं.

मी एक पत्रिका त्याच्यापुढे ठेवली. "आधी वाचा. त्यातलं नाव तिथंच राहणार आहे. चालत नसेल तर परतीची एसटी आहे तासाभरानं."

त्यानं वाचली. कुठं थांबला ते मी बघत होते. "अक्षरं तुम्ही काढलीत?"

"हो."

"तुमचे तात्या म्हणाले, पत्रिकेत भानगड आहे. वडील म्हणाले, जाऊन बघून ये." त्यानं पत्रिका पुन्हा वर धरली. "ह्यात मला भानगड दिसत नाही. वडिलांना दिसेल. त्यांच्याशी मला भांडावं लागेल, आणि मी कधी भांडलेलो नाही."

"मग शिकून घ्या," मी म्हटलं.

तो हसला नाही. पत्रिका मिटत म्हणाला, "ही एक घेऊन जाऊ का? आईला दाखवतो. आमच्या पत्रिकेत तिचं नाव नाही, आणि ते माझ्या आत्तापर्यंत लक्षातच आलं नव्हतं."

पुढचं मला लग्नानंतर कळलं. माझ्या सासूबाईंनी ती पत्रिका वाचली, देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि सासऱ्यांशी बोलणं बंद केलं. जेवायला वाढायच्या, पाणी द्यायच्या, बोलायच्या नाहीत. भांडण शिकायची मधुकरवर वेळच आली नाही. वाईहून आम्हाला निरोप आला तो एवढाच, की मुहूर्त ठरल्याप्रमाणे.

राहिलं आमंत्रण. आमच्यात पहिली पत्रिका गणपतीला आणि दुसरी भावकीतल्या थोरल्या घरी. सवाष्णीनं जायचं, कुंकू लावायचं, अक्षता द्यायच्या आणि तोंडानं बोलवायचं. पत्रिका नुसती पाठवली तर माणसं रुसतात. मी शेजारच्या काकूंना विचारून ठेवलं होतं. त्यांची वाट बघत होते, तर आतून आई आली. ठेवणीतलं पातळ नेसलेली, हातात पत्रिकांची पिशवी.

"कुठं निघालीस?"

"बोलवायला."

"काकू येतायत की."

"त्यांच्या पोरीचं लग्न आहे होय?" ती म्हणाली. "कुंकवाची डबी तू घे. कुंकू तू लाव, बोलवायचं मी."

गणपती झाला आणि ती मेन रोडकडे वळली. तात्या दुकानात होते. दोन गिऱ्हाइकं बाकावर बसलेली, कारागीर मशीनवर, आणि तात्या टेबलावर कोटाचं कापड कापत होते. आई पायरीवर उभी राहिली. डोक्यावर पदर होता. पत्रिका तिनं दोन्ही हातांत धरली होती.

"भाऊजी, प्रमिलाचं लग्न आहे. सगळ्यांनी यायचं."

तात्यांनी वर पाहिलं नाही. "ठेव तिथं."

"हातात घ्या."

कात्री कापडाच्या टोकापर्यंत गेली. मग त्यांनी ती खाली ठेवली, हात धोतराला पुसले आणि पुढं आले. पत्रिका घेऊन त्यांनी उघडली. वरची ओळ त्यांना पाठ होती, ते सरळ खाली गेले, जिथं त्यांचं नाव होतं तिथं. अंगठ्यानं ती कोरी जागा त्यांनी चाचपली.

"इथं कुणाचंच नाव नाही," ते म्हणाले. बाकावरची गिऱ्हाइकं ऐकत होती. "अशी पत्रिका असती का कुठं? ह्यात बोलावतंय कोण?"

आईनं डोक्यावरचा पदर तसाच ठेवला आणि मान वर केली. तात्यांच्या डोळ्यांत बघून बोलताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. आज या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली, तरी तो चेहरा मला समोर दिसतो.

"मी बोलावतेय," ती म्हणाली. "मोकळी जागा ठेवली ती त्यासाठीच. दारोदार जाऊन सांगणार आहे. पहिलं दार तुमचं."

तात्यांनी पत्रिका मिटली आणि अंगातल्या कोटाच्या खिशात ठेवली. ते येणार की नाही, हे विचारायला आई थांबली नाही. ती पायरी उतरून पुढच्या घराकडे चालू लागली, इतकी भराभर की कुंकवाची डबी सांभाळत मला तिच्यामागं पळावं लागलं.